कार्टूनमधला विनोद आटला, दोष मुलांना का?

संपादक महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला कार्टूनवरचा लेख वाचला आणि दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. 'आजच्या कार्टूनमध्ये विनोद उरलेला नाही' ही तक्रार म्हणजे मोठ्यांचं स्मरणरंजन आहे, मुलांची आवड बदलली, त्यांना वेग आणि गोंगाट हवा असतो आणि वाहिन्या तेच देतात, असं लेखिकेचं म्हणणं. लेख मेहनतीने लिहिला आहे, त्याबद्दल त्यांचे आभार. पण या मुद्द्यावर त्या साफ चुकल्या आहेत. मी बालनाट्यं लिहितो, मुलांची शिबिरं घेतो आणि काही काळ कार्टूनच्या पटकथाही लिहिल्या आहेत. तेव्हा हे ऐकीव नाही.

आवड बदलली म्हणे! रत्नाकर मतकरींचं 'अलबत्या गलबत्या' २०१८ साली नव्याने रंगमंचावर आलं तेव्हा चिंची चेटकिणीने नाट्यगृहं भरून दाखवली. समोर बसलेली मुलं मोबाइल हातात घेऊनच मोठी झालेली होती. तरी चेटकीण नुसती थांबली, वळली, प्रेक्षकांकडे रोखून बघायला लागली की सगळं बालप्रेक्षागृह खिदळत होतं. त्या मुलांची आवड कुठे बदलली होती?

'टॉम अँड जेरी'ला लेखात 'जुनी मारामारी' म्हणून एका ओळीत निकालात काढलं आहे. हे वाचून मला खरंच वाईट वाटलं. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा यांनी केलेले या जोडीचे ११४ लघुपट १९४० ते १९५८ या काळात पडद्यावर आले, त्यांतल्या सातांना ऑस्कर मिळालं. बार्बेरा गोष्ट आणि गमती रचायचा, हॅना त्यांचं टायमिंग बांधायचा. सेकंदाला चोवीस चौकटी. त्यांतल्या किती चौकटी टॉमने नुसतं बघत राहायचं आणि कितव्या चौकटीला किंकाळी फोडायची, हे आधी कागदावर ठरत असे. १९४७ चा 'द कॅट कॉन्सर्टो' पुन्हा एकदा बघा. टॉम टेलकोट घालून पियानोवर लिस्ट या संगीतकाराची रॅप्सडी नावाची रचना वाजवायला बसतो. आत झोपलेला जेरी त्या आवाजाने उठतो आणि भांडण सुरू होतं. पण टॉम वाजवणं थांबवत नाही. समोर प्रतिष्ठित श्रोते बसलेत, त्यांच्यापुढे अब्रू राखायची आहे. बोटं चिमटली, फटके बसले तरी चेहरा कलावंताचाच ठेवायचा आहे. सगळं हसू त्या धडपडीत आहे. शेवटी टॉम पार गळून पडतो आणि टाळ्या जेरी घेऊन जातो. बोललेला एक शब्द नाही. असा प्रसंग आधी कुणीतरी बसून लिहिलेला असतो, म्हणूनच तो ऐंशी वर्षांनीही हसवतो.

आता याच्या शेजारी 'ऑगी अँड द कॉक्रोचेस'ची आपल्याकडची हिंदी आवृत्ती ठेवा. मूळ फ्रेंच मालिका १९९८ ची, तीही बिनसंवादाची. आपल्याकडे येताना तिच्यात आवाज कोंबले गेले. ऑगी हा बोका शाहरुख खानच्या आवाजात बोलतो, त्याचा भाऊ सनी देओलच्या. जिथे पात्राने नुसतं दचकायचं होतं तिथे सिनेमातल्या संवादाची नक्कल. नक्कल करणारे कलाकार गुणी आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण मूळ लेखकाने जी शांतता मोजूनमापून ठेवली होती तिच्यावर सतत बडबड ओतली गेली, आणि आपल्या दोन पिढ्यांना वाटू लागलं की कार्टूनमधला विनोद म्हणजे ओळखीच्या नटाचा आवाज ओळखणं.

'मोटू पतलू'चंही तेच. ही जोडी 'लोटपोट' साप्ताहिकातली, २०१२ साली टीव्हीवर आली. कल्पना उत्तम आहे: एक जाडा, एक हडकुळा, एक समोशासाठी जीव टाकणारा, एक डोकं चालवणारा. पण भाग कुठलाही लावा, समोसा खाल्ला की ताकद येते, खलनायक उडतो, आणि मधल्या वेळात प्रत्येक पात्र आपलं ठरलेलं पालुपद म्हणतं. इन्स्पेक्टर चिंगम आला की दाक्षिणात्य हेल, डॉक्टर झटका आला की पंजाबी. सूत्र असण्याला माझा विरोध नाही. १९३३ पासून पॉपाय हा खलाशीही पालकाची भाजी खाऊनच जिंकत आला. पण त्याच्या जुन्या लघुपटांत पालक येईपर्यंतची मिनिटं भरलेली असत, त्याचं स्वतःशी चाललेलं पुटपुटणं ऐकण्यासाठी कान टवकारावे लागत. आमच्याकडे मुख्य गोष्ट समोसाच, आणि मधलं सगळं भरताड.

लेखिकेने निर्मात्यांची बाजू मांडली आहे, म्हणून मला आलेला अनुभव सांगणं भाग आहे. मुंबईतल्या एका कंपनीने मला काही भाग लिहायला बोलावलं होतं. एका भागात सर्कशीतून पळालेला हत्ती होता. भर दुपारी तो दिव्याच्या खांबामागे लपतो. खांब मनगटाएवढा, हत्ती हत्तीएवढा, पण आपण लपलो आहोत अशी त्याची खात्री. हवालदार सायकल ढकलत येतो. दमलेला आहे. सायकल हत्तीच्या पायाला टेकवून ठेवतो, टोपी काढून सुळ्याला अडकवतो, रुमालाने मान पुसतो, बाटलीतलं पाणी पितो. हत्ती श्वास रोखून उभा. हवालदार सायकल घेऊन निघतो. डोक्याला ऊन लागतं तेव्हा टोपीची आठवण होते, मागे येतो. सोंड टोपी पुढे करते. तो ती घेतो, मान डोलावतो आणि चालू लागतो. कोपऱ्यावर पोचल्यावर थांबतो. मी लिहिलं होतं: 'चार सेकंद फक्त त्याची पाठ.' मग टोपी हळूच घसरून खाली पडते. प्रसंग संपला.

'फायनल' म्हणून जो कागद माझ्या हातात आला त्यात हवालदार येताच हत्ती मनातल्या मनात हिंदीत घाबरत होता. हवालदार एका जुन्या खलनायकाच्या आवाजात, इथे हत्तीचा वास येतोय, असं म्हणत होता. टोपी अडकवताना 'टॉइंग', पाणी पिताना 'गटगट', आणि माझ्या चार सेकंदांच्या जागी रस्त्यावरचा एक पोरगा येऊन ओरडत होता की अरे, तो तर हत्ती होता! म्हणजे जे प्रेक्षकाने स्वतः ओळखायचं, ज्या ओळखण्यातच हसू आहे, ते एका पात्राने येऊन सांगून टाकायचं.

मी विचारलं, असं का? उत्तर मिळालं, मुलं जेवता जेवता बघतात, आई घास भरवत असते, पडद्याकडे धड लक्ष नसतं. नुसतं ऐकून कळलं पाहिजे. तीन सेकंद शांतता पडली की चॅनल बदललं जातं. मी पुन्हा विचारलं, हा प्रसंग तुम्ही एका तरी मुलाला दाखवला का? नाही. मग टेबलाच्या पलीकडचा एक तरुण खरं बोलला, त्याबद्दल मी त्याचा आजही आदर करतो. तो म्हणाला, "सर, हत्तीचे हे सगळे हावभाव नव्याने करायचे म्हणजे ॲनिमेटरचे कितीतरी दिवस जातात. आवाज एका दुपारी होतो."

हे खरं कारण आहे, महोदय. आणि ते नवं नाही. १९५७ साली 'टॉम अँड जेरी' काढणाऱ्या एमजीएम कंपनीने आपला कार्टून स्टुडिओ बंद केला, हॅना आणि बार्बेरा टीव्हीकडे वळले, पैसा आणि वेळ दोन्ही आटले, चित्रं कमी करावी लागली आणि पात्रं बोलू लागली. बग्ज बनी आणि रोड रनरचे लघुपट करणारा चक जोन्स टीव्हीवरच्या अशा कार्टूनना 'सचित्र रेडिओ' म्हणत असे. तरी त्या काळात रेडिओसाठी तरी नीट लिहिलं जायचं. हॅना-बार्बेरांच्याच 'द फ्लिंटस्टोन्स' या टीव्ही मालिकेच्या चित्रांत काटकसर दिसते, पण नवरा-बायकोच्या बोलण्यात विनोद आहे. चित्र स्वस्त झालं तर लेखन जास्त भक्कम हवं. आपल्याकडे चित्र स्वस्त झालं आणि लेखन त्याहून स्वस्त झालं. हा हिशेबाचा प्रश्न आहे, आणि तो मुलांच्या आवडीच्या नावावर खपवला जातो, याची मला चीड येते.

तो मूळ प्रसंग मी नंतर आमच्या शिबिरात मुलांकडून करून घेतला. खांब म्हणून उभा धरलेला झाडू, त्याच्यामागे तिसरीतली एक मुलगी हत्ती झालेली, सोंड म्हणून डावा हात. हवालदाराने तिच्या बोटाला टोपी अडकवली तेव्हा तिने गाल फुगवून श्वास कोंडला आणि डोळे छताकडे लावले. हे मी शिकवलं नव्हतं. टोपी परत देताना पहिल्या रांगेतली पोरं एकमेकांच्या अंगावर पडली. कोपऱ्यावरच्या थांबण्यात मात्र कुणी हललं नाही. सगळी त्या पाठीकडे बघत होती, टोपी पडेपर्यंत. मग जो दंगा झाला तो आवरेना. "परत करा, परत करा" म्हणून हा प्रसंग आम्हाला पुन्हा करावा लागला. कुणाला वेग कमी पडला नाही, कुणी कंटाळलं नाही.

बाहेरच्या देशांतही हे अजून होतं. ब्रिटनमधली आर्डमन स्टुडिओची 'शॉन द शीप' २००७ ची, म्हणजे अगदी आजच्या मुलांची. मातीच्या मेंढ्या, सात मिनिटांचा भाग, माणसं नुसती पुटपुटतात, कळेल असा संवाद एकही नाही. जगभरची मुलं ती बघतात. ऑस्ट्रेलियातली 'ब्लूई' २०१८ ची. तिच्यात बोलणं भरपूर आहे, पण घरातल्या साध्या खेळातून हसू कसं वाढत जातं ते बघण्यासारखं आहे. तिथली मुलं वेगळ्या मातीची नाहीत. तिथे लेखकाला लिहू दिलं जातं, एवढाच फरक.

आपल्याकडे चित्रांतून विनोद लिहिणारी माणसं नाहीत असंही नाही. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांची 'चिंटू' १९९१ साली सुरू झाली. तीन-चार चौकटींत प्रसंग उभा करायचा आणि शेवटच्या चौकटीत आईच्या किंवा पप्पांच्या चेहऱ्यावर तो सोडून द्यायचा, हे त्यांनी रोज करून दाखवलं. अनेक घरांत पेपर आला की पोरं आधी तेवढा चौकोन बघायची. मराठी मुलांना विनोदाची वाक्यरचना तिथे कळली.

म्हणून आता तुम्हालाही विचारतो. तुमच्या पुरवणीतलं मुलांचं पान कुठे गेलं? आधी ते अर्धं झालं, मग एका आड एक रविवारी येऊ लागलं, आणि दिवाळीनंतर दिसलेलंच नाही. त्या पानावरची चित्रमालिका शेवटी शेवटी क्लासच्या जाहिरातीखाली इतकी लहान छापली जायची की फुग्यातली अक्षरं माझ्या चष्म्यातूनही लागत नसत. मुलांच्या अभिरुचीवर अख्खं पान लेख छापायला जागा आहे, मुलांसाठी नाही, हे मला पटत नाही.

दर शुक्रवारी तुम्ही सिनेमांची परीक्षणं छापता, अगदी पडेल सिनेमांचीसुद्धा. लाखो घरांत रोज तासन्‌तास चालणाऱ्या कार्टूनचं परीक्षण मी तुमच्या अंकात कधी वाचलेलं नाही. महिन्यातून एकदा तरी करा. कोणत्या भागात प्रसंग रचला होता, कोणत्या भागात नुसती पालुपदं होती, हे लिहा. पटकथा कुणाची ते नाव घालून लिहा. या मालिकांच्या श्रेयनामावलीतली नावं इतक्या वेगाने सरकतात की लेखक कोण हे पालकांना कधी कळतच नाही. लेखिकेनेच हे काम घेतलं तर मला आनंद होईल, त्यांच्याकडे त्यासाठी लागणारी चिकाटी आहे. आणि मुलांचं पान येत्या रविवारपासून सुरू करा, चित्रमालिका चार कॉलम रुंदीची.

आपला,
एक बालनाट्यलेखक, ठाणे
(कृपया नाव छापू नये)