डॉक्टरताई, तुम्ही हात लावून बघितलंत

आदरणीय डॉक्टरताई,
सप्रेम नमस्कार.

रामबागेतल्या आमच्या काकूंच्या छातीवरच्या लाल चट्ट्याचं तुमच्याआधी तीनदा बारसं झालं होतं. आधी गजकर्ण, मग ॲलर्जी, मग नागीण. दर वेळी मलम बदललं, पण हात कुणी लावला नाही. टेबलापलीकडूनच एक नजर टाकली आणि चिठ्ठी लिहिली. तुम्ही काकूंना खिडकीच्या उजेडात बसवलंत, पदर-ब्लाउज बाजूला करायला सांगून दोन्ही बाजू नीट बघितल्यात, कातडी चिमटीत धरून पाहिलीत आणि विचारलंत, "काकू, हा टाक्यांचा व्रण कधीचा?" तो व्रण स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशनचा होता. त्या एका प्रश्नासाठी हे पत्र.

स्तनाचा कॅन्सर ऑपरेशननंतर कित्येक वर्षांनीही कातडीत उगवू शकतो. बहुधा त्याच बाजूला, व्रणाच्या आसपास. बायकांच्या कातडीत दुसरीकडून पसरून येणारा कॅन्सर बहुतेक वेळा स्तनाचाच असतो. सोंगं मात्र अनेक. न दुखणाऱ्या टणक गाठी आल्या तर चरबीची गाठ म्हणून सोडून देतात. कातडीतल्या लसीकावाहिन्या (लिम्फ वाहून नेणाऱ्या बारीक नळ्या) कॅन्सरच्या पेशींनी तुंबल्या की लाल, गरम चट्टा उठतो आणि जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक सुरू होतं. पण संसर्गात अनेकदा ताप असतो, हात लावला की दुखतं, आणि योग्य औषधाने दोन-तीन दिवसांत उतार पडू लागतो. इथे बहुधा यातलं काही होत नाही. जांभळट पाणीदार पुटकुळ्या पट्ट्याने आल्या की नागीण वाटते. पण नागिणीच्या खपल्या आठ-दहा दिवसांत धरतात, ह्या तशाच राहतात, वाढतात. कधी कातडी घट्ट, संत्र्याच्या सालीसारखी होते आणि शेकाचा (रेडिएशनचा) परिणाम म्हणून समजूत काढली जाते. डोक्यावर टक्कल पडलं तर चाई म्हणतात.

सगळ्यात राग येतो तो स्टिरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीचं औषध एकत्र असलेल्या मलमांचा. मेडिकलवर चिठ्ठीशिवायही मिळतात. स्टिरॉइडने लाली थोडी उतरते, घरच्यांना गुण आल्यासारखं वाटतं, आणि आत पेशी वाढतच असतात. खरवडून बुरशी तपासली असती तरी गजकर्णाचं नाव तेव्हाच गळालं असतं.

तुम्ही नवीन मलम दिलं नाहीत. जागा बधिर करून चार मिलिमीटरच्या पंचने (गोल धारदार नळीने) तुकडा घेतलात, तोही खालच्या चरबीपर्यंत. ते महत्त्वाचं, कारण वरवर खरवडलेल्या तुकड्यात खोलवरच्या पेशी हुकतात. फॉर्मॅलिनच्या बाटलीसोबतच्या फॉर्मवर नुसतं 'पुरळ' न लिहिता 'पूर्वी स्तनाचं ऑपरेशन, व्रणाजवळ चट्टा' असं स्वतःच्या हाताने लिहिलंत. कातडीत विखुरलेल्या दोन-चार पेशी सूज समजून नजरेतून सुटू शकतात. काय शोधायचंय हे ठाऊक असलं की पॅथॉलॉजिस्ट तिथे थांबतो.

ईआर, पीआर (पेशींवर हार्मोनचे रिसेप्टर आहेत का) आणि हर-२ (त्या नावाचं प्रथिन जास्त आहे का) या तपासण्या याच तुकड्यावर पुन्हा करा, जुन्या रिपोर्टवर विसंबू नका, हेही तुम्हीच बजावलंत. पसरलेल्या कॅन्सरमध्ये हे बदललेले असू शकतात आणि औषध त्यावरच ठरतं. तुकड्यात स्तनाचाच कॅन्सर निघाला, आणि काकूंचा ईआर अजून पॉझिटिव्ह होता. बाकीच्या शरीराचं स्कॅनिंग झालं, कॅन्सरच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, चट्टा फिका पडू लागलाय.

इंदूरला चांगल्या डॉक्टरांचा तोटा नाही. पण वयस्कर बाईची लाज सांभाळून, दार लोटून, नर्सला शेजारी उभं करून, घाई न करता तपासणारं माणूस भेटलं की घरातल्यांनाही धीर येतो. काकू म्हणतात, त्या दिवशी पहिल्यांदा कुणी आपल्याला विचारलं असं वाटलं. पुढच्या तपासणीला त्या तुमच्याकडेच येणार आहेत, मलमांच्या सगळ्या रिकाम्या ट्यूब घेऊन. तुम्ही मागितल्या होत्यात ना.

आपली कृतज्ञ,
काकूंची पुतणी, इंदूर