प्राइडमध्ये पाणी वाटताना

महोदय,

पुण्यात २०११ पासून समलिंगी, तृतीयपंथी अशा लोकांची प्राइड मिरवणूक निघते. यंदा मी तिथे स्वयंसेवक म्हणून गेले. माझा भाचा समलिंगी आहे. त्यानं ते सांगितल्यावर मी दोन वर्षं त्याच्याशी धड बोलले नव्हते. ती बोच घेऊनच पहाटे हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसले.

मला पाणी वाटायचं काम दिलं. बाटल्या उचलून दंड भरून आले, पण एवढे आशीर्वाद मला चौतीस वर्षांच्या शिक्षकीतही मिळाले नाहीत. दुपारी डबा उघडला. कडक भाकरी आणि शेंगाचटणी बघून एक मुलगा थबकला. "काकू, तुम्ही सोलापूरच्या काय वो?" तो अक्कलकोटकडचा निघाला. तोंडावर मुखवटा होता, घरी कुणालाच माहीत नाही म्हणाला. चटणीचा घास घेतला आणि त्याचे डोळे भरून आले. निघताना त्यानं माझा हात बराच वेळ सोडला नाही.

२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले. कायद्याची भीती गेली, घरच्यांची नाही. अशा मुलांना स्वतःच्या गावात मोकळेपणानं बसता यावं म्हणून आपल्याकडच्या वाचनालयांनी महिन्यातून एक संध्याकाळ खोली द्यावी, ही माझी विनंती आहे. चहा-पाण्याचं आणि सतरंज्या घालायचं काम मी करीन. भाचाही येतो म्हणालाय.

– एक निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर