‘भूक नाही’ की ‘भांड्यात नाही’?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

1 जून ते 31 जुलै या काळात कोकणात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. खलाशाचा वाटा थांबतो, पाटी घेऊन दारोदार फिरणाऱ्या मासेवालीचा धंदा बसतो, आंब्याच्या बागेतली कामे मेअखेर आटोपलेली असतात. मधे लावणीची दोन-तीन आठवडे मजुरी, तेवढीच. आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर, भरलेले सुके बोंबील आणि जवळाही ज्याच्याकडे पैसे होते त्याच्याच घरात. या दिवसांत मानसिक आरोग्याच्या ओपीडीत कुणी ‘भूकच नाही’ म्हटले, तर ते लगेच लक्षण म्हणून लिहून घेऊ नये, एवढ्यासाठी हे पत्र.

नैराश्य तपासायला सर्रास वापरली जाणारी नऊ प्रश्नांची यादी मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. झोप, थकवा, भूक हे त्यातले लागोपाठचे तीन प्रश्न. पुढे लक्ष लागते का, हाही आहे. अर्धपोटी माणूस चारही ठिकाणी ‘हो’ म्हणेल आणि खोटेही बोलणार नाही. 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात 36 निरोगी तरुणांना जवळजवळ सहा महिने साधारण निम्म्या आहारावर ठेवले होते. ते उदास आणि चिडचिडे झाले, माणसांत मिसळेनासे झाले, डोक्यात सतत अन्नाचाच विचार. उलट बाजूही तितकीच खरी: नैराश्याने खरोखर अन्नावरची वासना जाते आणि रेशनच्या रांगेत उभे राहण्याचे त्राणही उरत नाही. म्हणून सगळे भुकेवर ढकलणेही चूकच.

फरक कळायला दोन साधे प्रश्न पुरतात. डब्यात तांदूळ किती दिवसांचे आहेत? काल रात्री शेवटी कोण जेवले आणि तेव्हा टोपात काय उरले होते? घरातली बाई ‘मला भूक नाही’ म्हणते ते बहुधा पोरांच्या ताटाकडे बघून. आणि हे सासूसमोर विचारू नये, खरे उत्तर मिळत नाही.

‘पण रेशन फुकट मिळते ना?’ मिळते, माणशी महिना 5 किलो. म्हणजे दिवसाला 165 ग्रॅम कोरडे धान्य, जेमतेम पावणेसहाशे उष्मांक. चौघांच्या घराला 20 किलो. दोन्ही वेळ पोटभर शिजवायचे तर रोज सव्वा किलो लागते, म्हणजे सोळाव्या दिवशी डबा रिकामा. डाळ, तेल, दळणाचे पैसे वेगळेच. उरलेला पंधरवडा उधारीवर किंवा पेजेवर.

खरी गफलत गोळ्यांत होते. कागदावर ‘जेवणानंतर’ लिहिलेले असते. जेवण नाही, म्हणून गोळी नाही. ‘उपाशीपोटी गोळ्या गरम पडतात’ ही समजूत त्यात भर घालते. नैराश्यावरची गोळी अशी मधेच तुटली की चक्कर येते, झोप उडते, चिडचिड वाढते आणि घरचे म्हणतात आजार उलटला. यातल्या पुष्कळ गोळ्या वाटीभर पेजेवर किंवा एका केळ्यावरही चालतात, पण कुठली चालते हे डॉक्टरांनी कागदावर लिहून द्यायला हवे, रुग्णाने अंदाजाने ठरवू नये. लिथियम (मनाचे टोकाचे चढउतार आवरणारे औषध) चालू असेल तर जास्त जपावे. खाणे, मीठ आणि पाणी एकदम कमी झाले की रक्तातले त्याचे प्रमाण चढते. हात जास्त थरथरणे, उलट्या-जुलाब, तोल जाणे दिसले की त्याच दिवशी दवाखाना गाठावा. श्रावणातल्या अळणी उपवासांनाही हेच लागू.

मागणी मोठी नाही. मानसिक आरोग्याच्या केसपेपरवर या दोन प्रश्नांना जागा द्या. 2025 साली जून ते ऑगस्टचे धान्य आगाऊ देण्याचा निर्णय झाला होता, तो कोकणासाठी दरवर्षी व्हावा. (गळक्या घरात 60 किलो धान्याला टोके आणि बुरशी लागते, झाकणाची पिंपे दिली तरच उपयोग.) मासळी सोलून, कालवं फोडून बोटांचे ठसे झिजलेल्या बायकांना रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उमटत नाही म्हणून परत पाठवले जाते. आधार जुळले नाही एवढ्यावरून धान्य नाकारू नये, असे केंद्राने ऑक्टोबर 2017 मध्येच राज्यांना कळवले आहे. नाकारलेच तर 1967 वर तक्रार करता येते. मन फारच खचले असेल तर 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येते.

– आरोग्य आणि रेशनच्या प्रश्नांवर काम करणारे कार्यकर्ते, जि. रत्नागिरी