बंडीखालचं नाव

चि. मीनू,
अनेक आशीर्वाद.

तू दिवाळीत ठेवून गेलेलं ‘रेडी प्लेयर वन’ काल रात्री संपलं. सोळा दिवस लागले, उशाशी डिक्शनरी होतीच. आई रोज म्हणे, “कापूस फुटून राह्यला अन् तुमी पुस्तक घेऊन बसले!” पण सोडवतच नव्हतं गं.

अर्नेस्ट क्लाइनचं हे पुस्तक २०११मध्ये आलं, गोष्ट २०४५ची, आणि जीव सगळा १९८०च्या दशकात अडकलेला. मला वाटलं होतं, रॉकेटं असतील. इथं तर एक पोरका पोरगा भंगारातल्या जुन्या व्हॅनमध्ये बसून, स्वतःच्या जन्माआधीच्या मालिका अन् गेम पाठ करतो. ते वाचताना १९८७चं आपलं घर आठवलं. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर टीव्ही लागायचा, ‘रामायणा’ला अख्खा मोहल्ला अंगणात. मी कवेलूवर चढून अँटेना फिरवायचो, कवेलू फुटू नये म्हणून अनवाणी, पाय जपून टाकत. त्या पोराची गाणी मला ठाऊक नाहीत, पण त्याची हुरहूर ओळखीची वाटली.

काही पानं मात्र नुसती नावांची यादी आहेत. ती मी भराभर उलटली.

शेवटाकडचा, ‘अटारी’ कंपनीचा ‘अ‍ॅडव्हेंचर’ हा व्हिडिओ गेम खरा आहे, हे कळल्यावर पुस्तक मिटून बसलो. कंपनी तेव्हा गेम करणाऱ्याचं नाव कुठेच देत नसे. म्हणून वॉरेन रॉबिनेटनं कोणाला न सांगता गेममध्ये एक खोली दडवली. जेमतेम दिसणारा एक करडा ठिपका उचलून योग्य जागी नेला, तरच तिची वाट उघडते. आत फक्त त्याचं नाव.

मीनू, कोठ्यातल्या आपल्या बैलबंडीवर पुढे तुझ्या आजोबांचं नाव रंगवलेलं आहे, ते तू पाहिलंस. गेल्या वर्षी वंगण घालायला मी खाली शिरलो, तर फळीच्या आतल्या अंगाला, आसाजवळ, पटाशीनं कोरलेली अक्षरं लागली हाताला. बंडी करणाऱ्या सुताराचं नाव, खाली १९७४. तेव्हा बोटानं धूळ पुसली अन् कामाला लागलो. काल पुस्तक ठेवलं आणि रात्रीच टॉर्च घेऊन परत गेलो, बराच वेळ तिथं बसलो.

त्याची नातवंडं अजून गावात आहेत. त्यांना उद्या बोलावतो दाखवायला. होळीला येशील तेव्हा तूही खाली शीर, टॉर्च मी धरतो. आणि याच्यासारखं दुसरं पुस्तक असेल तर घेऊन ये.

तुझे,
बाबा