शैलाला, चार महिन्यांनी

प्रिय शैला,

चार महिने पत्र नाही, दोनदा तुझा फोनही उचलला नाही. रागावली असशील. माझं बीपी ठीक, घरचे ठीक. गप्प होते त्याचं कारण पाठीवर आहे, उजव्या खांद्याच्या पात्याखाली. गाठ. सुईनं तुकडा काढून तपासला, डेस्मॉइड निघाली. दहा लाखांत वर्षाला जेमतेम पाच-सहा जणांना होते म्हणे. कॅन्सरसारखी लांब पसरत नाही, पण आहे तिथेच स्नायूंत मुळं सोडत जाते.

पहिल्या सर्जननी ऑपरेशनची तारीखच दिली होती. मला बरंच वाटलं, काढून टाकली की सुटलो. मग अशा गाठींचंच काम करणाऱ्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. फिल्म बघून ते म्हणाले, "थांबू या."

शैले, तो शब्द ऐकला आणि मला नानांचं शेवटचं दुखणं आठवलं. तू "आता काही नको, थांबू या" म्हणालीस आणि मी सगळ्यांसमोर तुला म्हणाले, "तू हात झटकतेस." पुढे सात महिने आपण बोललो नाही. म्हणून हे तुलाच लिहितेय.

माझं थांबणं वेगळं, हे कळतं मला. नानांच्या वेळी पुढे काही उरलं नव्हतं. इथे सगळे उपाय शाबूत ठेवून थांबायचंय. ही गाठ कापली तरी त्याच जागी पुन्हा उगवू शकते, आणि माझ्या जागी ती पुरती काढायची तर हात वर उचलणंच जाईल. उलट शंभरातल्या वीस-तीस जणांची आपोआप आकसते. मला खरं पटलं ते एका आकड्यानं. २०१८ साली सोराफेनिब गोळीची चाचणी छापून आली. गोळी घेणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांच्या गाठी लहान झाल्या, आणि औषध नसलेली नुसती गोळी घेणाऱ्यांपैकीही २० टक्क्यांच्या! आमच्याकडे हिचं नाव 'भाडेकरू' पडलंय. भांडायला गेलं तर हटून बसते, लक्ष दिलं नाही तर एखादे दिवशी स्वतःच सामान उचलेल.

पण गेल्या आठवड्यात दुसरा एमआरआय झाला. ६.२ सेंटिमीटरची ६.८ झाली. मी म्हटलं, झालं, आता कापा. डॉक्टर शांत. एका तपासणीत वाढ दिसली म्हणून उपचार सुरू करायचे नसतात, म्हणाले. नस दबलेली नाही, हात वर जातो, दुखणं सोसवतं. पुढेही वाढत राहिली तर गोळ्या आहेत: सोराफेनिब, नाहीतर निरोगासेस्टॅट. ही दुसरी अमेरिकेत नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर झाली. तिच्या चाचणीत ४१ टक्के गाठी आकसल्या, औषध नसलेल्या गोळीवर ८. सौम्य केमो आहे, सुई घालून गाठ गोठवणं आहे. रेडिएशन बरंच मागे ठेवलंय.

हे सगळं पाठ आहे मला, आणि तरी रात्री दोन वाजता हात पाठीमागे जातो. वाढली का? टणक झाली का? काहीतरी करून टाकावं असं इतकं वाटतं, की पहिल्या सर्जनचा नंबर दोनदा काढून ठेवलाय. नानांच्या उशाशी तू तीन आठवडे बसलीस, काही न करता. त्याला किती बळ लागतं ते मला आत्ता कळतंय. हात झटकणं नव्हतं ते. मी चुकले, शैले. हे तेव्हाच म्हणायला हवं होतं.

मेघाचा निकाल काय? तुझा गुडघा? नवीन घरात पंखा लागला का, की अजून भिंतीच्या रंगावरून वाद चाललाय? रंगाच्या वादात तू कुणाला जिंकू देणार नाहीस, तेव्हा तो पिवळाच झाला असणार.

पुढचा एमआरआय तीन महिन्यांनी, १४ तारखेला. यांना नको म्हटलंय, ते माझ्याहून जास्त घाबरतात. तू येशील? बोलायला काही नको. रिपोर्ट हातात येईपर्यंत शेजारी बस.

तुझी,
विजू