पंकची बोळवण एका वाक्यात नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीतला रॉक संगीताच्या वाटचालीवरचा लेख आवडीने वाचला. सत्तरच्या दशकातल्या मोठ्या बँडवर लेखकाने मनापासून लिहिलं आहे. पंक रॉकची, म्हणजे त्याच दशकात आलेल्या साध्या, वेगवान, खरखरीत रॉकची, बोळवण मात्र एका वाक्यात केली आहे: ज्यांना वाजवता येत नव्हतं त्यांचा गोंगाट. मी बावीस वर्षं मुलांना गिटार शिकवतो. ते वाक्य मनाला लागलं, म्हणून हे पत्र.

आधी वाजवण्याचंच बोलू. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या चौघांनी १९७४ मध्ये रमोन्स हा बँड काढला आणि सीबीजीबी नावाच्या एका कळकट बारमध्ये ते वाजवू लागले. एप्रिल १९७६ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला. चौदा गाणी, एकोणतीस मिनिटं, खर्च साधारण ६,४०० डॉलर. त्यातली गिटार जॉनी रमोन जवळजवळ सगळी डाउनस्ट्रोकने वाजवतो. म्हणजे पिक, तार छेडायची छोटी चपटी पट्टी, दर वेळी वरून खालीच मारायचं, परत येताना तारेला लावायचं नाही. अप-डाउन केलं की वेग सहज मिळतो, पण ठोके कमीजास्त पडतात. नुसत्या डाउनस्ट्रोकने प्रत्येक ठोका सारख्या वजनाचा पडतो आणि गाणं अंगावर येतं. माझ्याकडे उत्तम सोलो वाजवणारी मुलं आहेत. त्यांना यातलं एखादं गाणं मूळ लयीत वाजवायला सांगितलं, की दीड मिनिटात मनगट आखडतं, कळ कोपरापर्यंत जाते आणि हात नकळत अप-डाउनवर येतो. जॉनी अशी गाणी एकामागून एक, दम न घेता वाजवायचा. याला न येणं म्हणायचं का?

पंक वाजवणाऱ्या पोरांना अडचण कशाची होती, तेही लेखात यायला हवं होतं. १९७३ मध्ये येस या बँडने दोन तबकड्यांचा अल्बम काढला. चार बाजू आणि चारच गाणी. १९७७ मध्ये इमर्सन, लेक अँड पामर सत्तरेक वादकांचा ऑर्केस्ट्रा घेऊन दौऱ्यावर निघाले. हे संगीत वाईट होतं असं मी कधीच म्हणणार नाही, त्यावरच माझे कान तयार झाले. पण शाळा सुटलेल्या, काम नसलेल्या सतरा वर्षांच्या पोराने ते ऐकून टाळ्या वाजवण्यापलीकडे काय करायचं? सिंथेसायझर घ्यायला पैसा कुठून आणायचा? ब्रिटनमध्ये तेव्हा बेकार दहा लाखांवर गेले होते आणि सरकार नाणेनिधीकडे कर्ज मागत होतं. सेक्स पिस्टल्स या लंडनच्या पंक बँडचा गायक जॉनी रॉटन पिंक फ्लॉइड या बड्या बँडच्या टी-शर्टवर हाताने ‘आय हेट’ लिहून फिरायचा. पुढे त्यानेच सांगितलं की फ्लॉइडचं संगीत त्याला आवडतं. मला तरी त्यात काही विसंगती दिसत नाही. त्याचा राग मंच आणि प्रेक्षक यांच्यात पडलेल्या अंतरावर होता.

ते अंतर कसं मिटलं हे मँचेस्टरमध्ये दिसतं. हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली या बोल्टनच्या दोन विद्यार्थ्यांनी ४ जून १९७६ ला सेक्स पिस्टल्सना लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये बोलावलं. तिकीट पन्नास पेन्स, आले जेमतेम चाळीसजण. त्यातल्या पीटर हुकने दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत घेतली. पुढे त्याच्या आणि बर्नार्ड समनरच्या बँडचं नाव झालं जॉय डिव्हिजन. डिव्होटो आणि शेलीने बझकॉक्स हा स्वतःचा बँड काढला, शेलीच्या वडिलांकडून आणि ओळखीच्यांकडून पाचशे पौंड उसने घेतले आणि जानेवारी १९७७ मध्ये चार गाण्यांची तबकडी स्वतःच काढली, कंपनीविना. आधी हजार प्रती छापल्या, शेवटी सोळा हजारांच्या घरात खपल्या. तिच्या पाकिटावर कोणतं गाणं कितव्या टेकला, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या कितव्या प्रयत्नात, झालं आणि वरून काय चढवलं हे छापलेलं आहे. त्यातल्या एका गाण्याच्या गिटार सोलोत तर स्वर दोनच. आपलं काम कसं झालं हे ऐकणाऱ्यासमोर असं उघडं ठेवणारे कलाकार मला फार थोडे माहीत आहेत.

लेखातली एक चूकही दाखवतो. ए, ई आणि जी या तीन कॉर्डची (एकत्र वाजवायच्या स्वरांच्या जुळण्यांची) बोटं काढून ‘आता बँड काढा’ असं सांगणारं चित्र लेखकाने ‘स्निफिन ग्लू’ या पंकच्या हौशी पत्रिकेच्या नावावर टाकलं आहे. ते ‘साइडबर्न्स’ या दुसऱ्याच हौशी पत्रिकेतलं, १९७७ च्या सुरुवातीचं.

पंकमध्ये सगळंच चांगलं होतं असं नाही. कपड्यांच्या दुकानातून चाललेला धंदा होता, आणि धक्का द्यायचा म्हणून काहींनी नाझींचं स्वस्तिक मिरवलं. त्याचं समर्थन होऊच शकत नाही. पण ऑगस्ट १९७६ मध्ये प्रसिद्ध गिटारवादक एरिक क्लॅप्टन बर्मिंगहॅमच्या मंचावरून स्थलांतरितांविरुद्ध बोलला, त्यावरून ‘रॉक अगेन्स्ट रेसिझम’ ही वंशभेदाविरुद्धची चळवळ उभी राहिली. तिच्या ३० एप्रिल १९७८ च्या लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कमधल्या मेळ्यात द क्लॅश या पंक बँडच्या बरोबरीने एक्स-रे स्पेक्स या बँडची पॉली स्टायरीन गायली. सोमाली बापाची, दातांना तारा लावलेली मुलगी. एकोणिसाव्या वाढदिवशी सेक्स पिस्टल्सना ऐकून तिने बँडसाठी जाहिरात दिली होती. चकचकीत रॉकच्या मंचावर तिला कोणी उभं केलं असतं?

गेल्या वर्षी माझा नववीतला एक विद्यार्थी क्लास सोडून निघाला होता. मोबाइलवर त्याच्याहून लहान मुलांचे सुसाट सोलो पाहून त्याने गिटार कव्हरमध्ये घालून ठेवली होती. त्याला मी ते तीन कॉर्डचं चित्र दाखवलं. महिन्याभराने तो दोन मित्रांना घेऊन आला आणि सोसायटीत टँकर वेळेवर येत नाही, यावर रचलेलं मराठी गाणं म्हणून दाखवलं. दोन कॉर्ड, दीड मिनिट. ताल दोनदा सुटला, तरी तिघेही शेवटपर्यंत थांबले नाहीत. तो मुलगा आजही क्लासला येतो, आणि तुमची पुरवणीही वाचतो.

म्हणून विनंती आहे, त्या चित्राचं श्रेय दुरुस्त करून छापावं आणि पंकला पुढच्या एखाद्या रविवारी स्वतंत्र पान द्यावं. बझकॉक्सच्या त्या पाकिटाची मागची बाजूही त्यात जरूर छापावी.

आपला नियमित वाचक,
एक गिटार शिक्षक, नाशिक