बाळाची नजर आणि आईवरचा ठपका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मूल नजरेला नजर देत नाही हे लक्षात आले, ऑटिझमची (स्वमग्नता, म्हणजे संवाद आणि सामाजिक देवाणघेवाण वेगळी असणारी मेंदूच्या विकासाची स्थिती) शंका आली, की घरात पहिला प्रश्न आईला विचारला जातो: मोबाइल किती दाखवलास? दुसरा तिच्या नोकरीचा, आणि तिसरा घरातल्या भाषांचा. आजीची कोंकणी, आईची मराठी, नर्सरीतली इंग्रजी, सांभाळणाऱ्या बाईची हिंदी, त्यामुळे मूल गोंधळले, असे गोव्यात सर्रास सांगितले जाते. ऑटिझमवरचे संशोधन या तिन्ही आरोपांना आधार देत नाही. दोन वर्षांखालच्या मुलाच्या हाती मोबाइल नकोच, पण ते झोप, खेळ आणि बोलणे यांत अडथळा येऊ नये म्हणून. ऑटिझमचा ठपका ठेवण्यासाठी नव्हे.

२०१७ साली ‘नेचर’मध्ये अमेरिकेतल्या १८ ते २४ महिन्यांच्या ३३८ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मुलांना माणसांचे छोटे व्हिडिओ दाखवून त्यांची नजर पडद्यावर कुठे ठरते हे मोजले गेले. एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ सारखीच असतात, द्विबीज जुळ्यांची सरासरी निम्मी. डोळ्यांकडे पाहण्यात घालवलेल्या वेळाचे साम्य (१ म्हणजे पूर्ण साम्य) एकबीज जुळ्यांत ०.९१ निघाले, द्विबीज जुळ्यांत ०.३५. नात्यात नसलेल्या मुलांच्या जोड्या लावल्या तेव्हा साम्य उरलेच नाही. आणखी नवलाची गोष्ट म्हणजे एकबीज जुळ्यांची नजर एकाच क्षणी, एकाच दिशेला वळण्याचे प्रमाणही अधिक होते. डोळे आणि तोंड या ज्या भागांवर जनुकांचा पगडा सर्वाधिक दिसला, त्यांच्याकडेच ऑटिझम असलेली ८८ मुले कमी पाहत होती.

या आकड्यांचा अर्थ मात्र जपून लावायला हवा. ते मुलामुलांतल्या फरकाबद्दल बोलतात, एखाद्या मुलाचे भवितव्य सांगत नाहीत. ऑटिझमचे एकच एक जनुक नाही. शेकडो जनुकांचा त्यात वाटा आहे. म्हणून जनुकीय चाचणीने ऑटिझमचे निदान होत नाही. निदान झाल्यावर मायक्रोअ‍ॅरे (गुणसूत्रांतले गळालेले किंवा जादा तुकडे शोधणारी) किंवा फ्रॅजाइल एक्सची (एका जनुकातल्या बदलाने होणाऱ्या विकाराची) चाचणी कारण शोधण्यासाठी करतात, तो वेगळा भाग.

‘तीन महिन्यांचा असताना छान बघायचा हो,’ असे पालक सांगतात, ते खरे असू शकते. २०१३ च्या एका अभ्यासात, पुढे ऑटिझमचे निदान झालेली बाळे दोन महिन्यांची असताना इतरांसारखीच डोळ्यांकडे पाहत होती. दोन ते सहा महिन्यांच्या दरम्यान ते पाहणे हळूहळू घटत गेले. आधी पाहत होता म्हणून आता काळजी नको, हा निष्कर्ष त्यामुळे चुकीचा ठरतो.

आमची सूचना साधी आहे. १६ ते २४ महिन्यांच्या दरम्यान गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा बूस्टर असतो. एम-चॅट-आर ही ऑटिझमची शक्यता चाचपणारी, पालकांना विचारायची २० प्रश्नांची हो-नाही प्रश्नावली १६ ते ३० महिन्यांसाठीच आहे. ती त्याच दिवशी भरून घ्यावी. गुण ० ते २ आल्यास आणि मूल दोन वर्षांखालचे असल्यास दुसऱ्या वाढदिवसानंतर पुन्हा विचारावे, ३ ते ७ आल्यास दुसऱ्या टप्प्याचे प्रश्न, ८ किंवा अधिक आल्यास थेट बालविकास तज्ज्ञांकडे. चूक होते ती उत्तरे घेताना. आईचा हात धरून डब्यापर्यंत नेणे म्हणजे बोट दाखवणे नव्हे. हवे ते मागण्यासाठी दाखवलेले बोट आणि ‘ते बघ, विमान!’ म्हणून दाखवलेले बोट यांचे प्रश्न वेगळे आहेत. ‘करतो कधी कधी’ या उत्तरावर थांबू नये. शेवटचे कधी केले, काय दाखवले, हे विचारावे.

नावाला प्रतिसाद पाहताना टीव्ही बंद हवा. मूल खेळण्यात असताना मागून, थोडे बाजूने, हात न लावता, नेहमीच्या आवाजात एकदा हाक मारावी आणि काही सेकंद थांबावे. लागोपाठ पाच हाका मारल्या की चाचणी बिघडली. प्रतिसाद नसेल तर आधी ऐकणे तपासावे (ओएई ही आतल्या कानाची, गरज पडल्यास बेरा ही कानापासून मेंदूपर्यंतच्या मार्गाची चाचणी). तीन महिन्यांनंतरही हलत्या वस्तूमागे डोळे फिरत नसतील तर नेत्रतज्ज्ञ आधी, ऑटिझमचा विचार नंतर.

नजर मोजणारी यंत्रे आता बाजारात आली आहेत. डोळ्यावर अवरक्त प्रकाश टाकून बाहुली आणि बुबुळावरचा चकाकता ठिपका यांच्यातल्या अंतरावरून ती नजरेची दिशा काढतात. खिडकीतून थेट ऊन आले, बाळाच्या डोळ्यांत दाट काजळ असले किंवा तिरळेपणा असला की मोजमाप चुकते. अमेरिकेतल्या सहा तज्ज्ञ केंद्रांत १६ ते ३० महिन्यांच्या ४७५ मुलांवर झालेल्या चाचणीत अशा एका यंत्राने ऑटिझम असलेल्यांपैकी ७१ टक्के मुले ओळखली आणि नसलेल्यांपैकी ८०.७ टक्के बरोबर वगळली. हेच सरसकट चाळणीला वापरले तर काय होईल? हजार मुलांत दहांना ऑटिझम आहे असे धरा. सात सापडतील, तीन सुटतील, आणि ऑटिझम नसलेल्या सुमारे १९० मुलांच्या घरी विनाकारण धास्ती जाईल. शिवाय, दोन भाषांत वाढणारी बाळे बोलणाऱ्याच्या तोंडाकडे अधिक पाहतात, हे बार्सिलोनातल्या संशोधनात दिसले आहे. आपली मुले तर तीन-चार भाषांत वाढतात. तिकडच्या मुलांवर बेतलेले निकष इथे जसेच्या तसे लावू नयेत. आधी गोव्यातल्या मुलांची मापे घ्यावीत. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाच ठिकाणांच्या पाहणीत उत्तर गोवा होता, आणि २ ते ९ वयोगटातल्या जवळपास दर आठांपैकी एका मुलाला मेंदूच्या विकासाची काहीतरी अडचण आढळली होती. म्हणजे इथे असे काम होऊ शकते.

आणखी एक कळकळीची विनंती. मुलाची हनुवटी धरून ‘माझ्याकडे बघ’ असे करू नका. ऑटिझम असलेल्या दोन वर्षांच्या मुलांवरच्या एका अभ्यासात ती डोळे मुद्दाम टाळत नव्हती; डोळ्यांत काही सांगितलेले असते याचाच त्यांना बोध होत नव्हता. जबरदस्तीने तो बोध होणार नाही. मूल ज्या वस्तूकडे पाहते तिच्याशेजारी आपण बसावे, तिचे नाव घ्यावे, आणि मुलाची खूण येईपर्यंत गप्प थांबावे. हे थांबणेच पालकांना सर्वांत जड जाते. गोवा आणि रावळपिंडी इथल्या ६५ कुटुंबांवरची चाचणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. त्यात तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या कार्यकर्त्यांनी पालकांच्या खेळाचे व्हिडिओ त्यांच्यासोबत पाहून हेच शिकवले. पालकांचा प्रतिसाद मुलाशी जुळू लागला आणि मुले आपणहून अधिक संवाद सुरू करू लागली. दोघांचे एकाच गोष्टीवर लक्ष असण्याचा वेळ मात्र वाढला नाही, उलट घटला. तेही सांगायला हवे.

अंगणवाडी सेविका आणि आरोग्यसेविका हे काम शिकू शकतात. तज्ज्ञांची तारीख मिळायला वेळ लागतो; तोवर हा खेळ घरी सुरू करायला निदानाच्या कागदाची गरज नाही.

आपले,
बालविकास क्षेत्रातील काही कार्यकर्ते, डिचोली